हलगीवाल्यानं पारखलेला फोन

वस्तू पारखायची म्हणलं की मी वाजवून बगतो. नारळ आसू दे, मडकं आसू दे, पत्र्याची पेटी आसू दे, टिचकी मारायची आन् कान लावायचा. दुसरं काय येतच न्हाय मला. ल्हानपणी शाळंत घातलंतं, पर मास्तरांच्या लगीच ध्यानात आलं की ह्यो पोरगा पाटीवर लिवणारा न्हवं, पाटी वाजवणारा हाय. तवापासनं हलगी गळ्यात आन् अक्षर डोक्याभायेर. कुस्तीचं मैदान, जत्रा, वरात, जिथं बोलावतील तिथं जाऊन वाजवायचं. असल्या माणसाला घरच्यांनी मोबाईल पारखाय धाडला. हे सगळं मी तोंडानं सांगतोय, कागदावर उतरवणारा दुसरा हाय, म्हणून अक्षर बरं दिसतंय.

फोन पायजे होता माझ्या धाकट्या भनीला. धाकटीला जल्मापासनं ऐकू येत न्हाय. पर आमच्या घरात शिकली तेवढी तीच. कर्णबधिरांच्या शाळंत राहून लिवाय-वाचाय शिकली, शिलाई शिकली, आन् तिच्यासारखाच ऐकू न येणारा नवरा बी तिनं स्वतःच बगितला. त्यो गडहिंग्लजला छापखान्यात कामाला. तिथं दोघांनी एक खोली घेतली, शिलाई मशीन मांडलं, बायकांचे ब्लाऊज शिवाय सुरवात केली. चांगलं चाललंतं.

मग तिला दिवस गेले. चार दिवस म्हायेरी म्हणून कोल्हापूरला मंगळवार पेठेत आमच्याकडं आली, आन् आयनं तिची पिशवी खुंटीला टांगून टाकली.

“आता बाळातपण होऊस्तवर हितंच,” आय म्हणाली. “नवरा दिवसभर कामावर. ही एकटी खोलीत. दार वाजलं तर कळणार न्हाय, कुणी हाक मारली तर कळणार न्हाय. आन् बाळ झाल्यावर बी हितंच. जावयानं रविवारी येऊन तोंड बगून जावं.”

धाकटीनं हातानं उत्तर दिलं. आमच्या घरात हाताचीच बोली हाय. आयची खूण म्हंजे कपाळावर बोट, माझी खूण म्हंजे पोटावर दोन बोटांनी वाजवायचं. शिकलेल्या लोकांस्नी नाव आसतंय, मला पोट हाय. ती म्हणाली, माझं घर तिकडं हाय. माझं मशीन तिकडं हाय, गिऱ्हाईक तिकडं हाय. बाळातपणाला येते, पर आत्ता जाणार, आन् बाळ घिऊन परत बी जाणार. मला फोन आणा. अक्षरांचा.

अक्षरांचा म्हंजे दर अक्षराला निराळं बटण आसलेला. तिच्या नवऱ्याकडं आकड्यांचा फोन होता, त्यात एका अक्षरासाठी तेच बटण परत परत दाबाय लागतंय. तिची बोटं मशीनवर चालल्यागत चालणारी, तिला ती रखडपट्टी नको होती. गिऱ्हाईक निरोप धाडणार, नवरा धाडणार, शाळंतल्या मैत्रिणी धाडणार, ही लगीच उत्तर देणार.

आयनं इचार केला आन् अट घातली. “आण फोन. ही झोपलेली आसताना मी फोन करणार. जागी झाली तर जाऊ दे गडहिंग्लजला. न्हाय झाली तर पिशवी खुंटीवरच.”

मी म्हणलं, “आणतोच.” छाती फुगवून म्हणलं. नवीन घ्यायची ऐपत न्हवती, तवा जुना बगायचा ठरलं, आन् जुन्या वस्तूतलं आपल्याला कळतंय ह्यो माझा जुना गैरसमज.

जुन्या मोबाईलचं दुकान गल्लीतच होतं. दुकानदारानं अक्षरांचे तीन-चार फोन काचंवर मांडले. “बगा पावणं, कुठला आवडतोय.”

मी पयल्यांदा एकेकाच्या पाठीवर टिचकी मारून कान लावला. दुकानदार बगत बसला. मग त्येनं इचारलं, “आत कोण हाय का?”

“पोकळ हाय का भरीव, बगतोय.”

“मोबाईल हाय, फणस न्हवं.”

मग मी पाठीमागचं झाकण काढून बॅटरी बगितली. एकाची बॅटरी सडपातळ होती, दुसऱ्याची पोटाला फुगलेली. मी फुगलेली पसंत केली. म्हणलं, ही खात्या-पित्या घरची दिसती, हिच्यात दम आसणार. दुकानदार काय बोलला न्हाय. धंदा करणाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या आनंदात बोलू न्हाय.

आता बटणं. मला अक्षर येत न्हाय, पर चित्र तर दिसतंय की. मी ठरवलं, बटणावर जे चित्र हाय तेच काचंवर उमटलं तर बटण चांगलं. पयलंच बटण दाबलं. बटणावर शिडीसारखं चित्र, काचंवर गोगलगाय.

“ह्यो फोन खोटा बोलतोय,” मी म्हणलं.

दुकानदार वाकून बगाय लागला. “पावणं, इंग्रजी ‘ए’ हाय ह्यो. बटणावरचं मोठ्या लिपीतलं हाय, काचंवरचं बारक्या. अक्षर तेच.”

“मोठं आन् बारीक कळतंय मला. पर बापाचं नाक पोराला नको व्हय?”

त्येनं एक बटण दाबून दाखवलं. त्येच्यानं सगळी मोठी अक्षरं याय लागली. मग मी सगळी बटणं येकेक करून दाबली, तळहातानं घाम पुसत. पाठीमागं गिऱ्हाईक ताटकळलं. एकजण म्हणाला, “मर्दा, परीक्षेला बसलाईस व्हय?” मी म्हणलं, “व्हय, आन् नापास झाल्याशिवाय उठणार न्हाय.” बटणं सगळी पास झाली. फोनची. 

आन् मग माझा आवडता इषय. “आता आवाज ऐकवा.”

दुकानदारानं एकेकाची रिंग वाजवली. दोन फोन कोंबडीच्या पिलागत चिवचिवले. तिसरा, त्यो फुगलेल्या बॅटरीचा, असा वराडला की पलीकडचा चहावाला किटली घिऊन भायेर आला. माझ्या अंगावर काटा आला. असा खणखणीत आवाज मैदानावर मिळाला तर पैलवान निम्मी कुस्ती आदीच जिंकतोय. मी म्हणलं, “ह्योच. बांधा.”

घरी आलो. धाकटी मशीनवर बसलीती. शेजारणीचं मशीन मागून आणलंतं तिनं, हात रिकामा ठेवायची सवय न्हाय तिला. तिनं फोन हातात घेतला, दोन्ही अंगठं बटणांवरनं फिरवलं आन् हसली. मला वाटलं, जिंकलं. तिनं खूण केली, लाव फोन.

मी माझ्या साध्या फोनवरनं लावला. तिच्या हातातला फोन बोंबलाय लागला. गल्लीतली कुत्री उठली. शेजारीण दारात आली, “कुणाचं काय झालं?” म्हणून. आय कानावर हात ठिऊन हुबी. आन् धाकटी फोनकडं बगत शांत बसलेली. थोड्या वेळानं तिनं मान वर करून मला इचारलं, कवा लावणार?

तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी मी कोल्हापुरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा फोन शोधून आणलाता. तिला पायजे होती थरथर. फोन आला की हातात, खिशात थरथरतोय ती. आन् ती ह्या फोनमधी न्हवतीच. मेलेली.

आयनं कपाळावर हात मारला. “मुडद्या, कुणासाठी फोन आणाय गेलतास? सगळ्या पेठेला ऐकू आला, हिला सोडून.”

धाकटी चिडली न्हाय. तिनं पोटावर दोन बोटं वाजवली, म्हंजे माझं नाव घेतलं, आन् मग डोक्याजवळ मूठ नेऊन उघडली. रिकामं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात. दुकानदारानं बारक्या पेचकसानं फोन खोलला आन् तांदळाच्या दाण्याएवढी मोटर दाखवली. तिच्या दांड्यावर एका बाजूला जड तुकडा बसवलेला. मोटर फिरली की त्यो तुकडा गरगरतोय आन् फोन हादरतोय. एवढंच. मी म्हणलं, मग ही फिरत का न्हाय?

“ओल धरलीया,” त्यो म्हणाला. “कुणाच्या तरी खिशात भिजलाय फोन. घरी नेऊन चार दिवस वाळवा, सुटली तर सुटंल.”

ओल म्हणलं की मला हुरूप आला. ओलीचा इलाज माझा धंदाच की. पावसाळ्यात हलगीचं कातडं सैल पडतंय, वाजवाय घेतली तर थप थप करती. मग चिपाडं, कागद पेटवायचं आन् हलगी जाळावर धरून तापवायची. कातडं ताणलं की टणटण बोलाय लागती. चार दिवस कशाला वाळवायचं, म्हणलं. त्याच दिवशी सांजच्याला वरातीला जायचं होतं, गल्लीत जाळ केलाच होता. एका हातात हलगी धरली, दुसऱ्या हातात फोन. शास्त्राप्रमाणं दोन्ही फिरवून फिरवून शेकली.

हलगी चांगली तापली. फोन त्याहून चांगला तापला. थोड्या वेळानं वास आला, आन् बगतोय तर बटणांची खालची ओळ चुलीवरच्या पापडागत वर आलेली. अक्षरं एकमेकांला चिकटली. मी फुंकर मारली. फुंकरीनं काय व्हनार?

आयला दाखवायची हिंमत न्हवती, पर वास लपत न्हाय. ती भायेर आली, फोन बगितला आन् माझ्यावर वराडली बी न्हाय. ते जास्त वाईट. शांतपणे म्हणाली, “झालं. ती हितंच ऱ्हाणार. इषय संपला.”

धाकटी दारात हुबी होती. तिला ऐकू न्हाय, पर आयच्या तोंडाकडं बगून तिला सगळं कळतंय. ती आत गेली, पायात चप्पल घातली आन् माझ्यासमोर येऊन हुबी राहिली. उद्या मी येणार, म्हणाली. तू फक्त दुकान दाखव.

सकाळी आमी दोघं निघालो. हलगी मी गळ्यातच ठेवलीती, रोजची सवय. दुकानदारानं फोन हातात घिऊन नाकाला लावला.

“भाजलाय?”

“शेकलाय.”

“पापड हाय व्हय?” त्यो म्हणाला. “वाळवा म्हणलंतं मी. भाजलेला माल परत घेत न्हाय. जावा.”

खरं तर त्येचं बरोबर होतं. पर बरोबर आसून उपयोग न्हवता, माझ्या भनीची पिशवी खुंटीवर होती. मी म्हणलं, “मी जात न्हाय.”

“बसा मग.”

बसलो न्हाय. दुकानाच्या पायरीवर हुबा राहिलो, हलगी सरळ केली आन् वाजवाय सुरवात केली. कुस्तीच्या मैदानाची, चढती. आता मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाईक येतंय ते कानाला फोन लावून बगाय. एकजण आला, त्येनं फोन कानाला लावला आन् दुकानदाराला म्हणाला, “ह्यात नुसती हलगीच ऐकू येती की.” दुसरा आला, त्यो न घेताच गेला. चहावाला खूश होता, त्येच्याकडं गर्दी वाढली. दुकानदार वराडत होता, काय म्हणत होता ते मला हलगीत ऐकू न्हाय आलं. धाकटी माझ्या शेजारी हाताची घडी घालून हुबी. तिला कसलाच त्रास न्हवता.

शेवटी दुकानदारानं हात जोडले. मी थांबलो.

“पावणं, तुमची बोटं हायत का लोखंड?”

“अजून तापली न्हाईत.”

त्येनं फळीखालनं एक पत्र्याचा डबा वडला. आत मोडके, फुटलेले, सुट्या भागांसाठी ठेवलेले फोन. “ह्यातला काय पायजे तो घ्या. जुळत आसंल तर जोडून देतो. पर आमच्या तालमीच्या मिरवणुकीत तुमी वाजवायचं. फुकट.”

“वाजवतो की,” मी म्हणलं आन् डब्यात हात घालाय गेलो. धाकटीनं माझ्या मनगटावर चापट मारली. मग मी गप बाजूला झालो, आन् वस्तू पारखणं कशाला म्हणतात ते बगितलं.

तिनं अक्षरांचे तेवढे फोन निवडून काढले. प्रत्येकाची बॅटरी काढून काचंवर आडवी ठेवली आन् बोटानं टिचकी मारून फिरवली. जी जागेवर थांबली ती ठेवली. जी भोवऱ्यागत गरगरली ती बाजूला टाकली. दुकानदारानं माझ्याकडं बगितलं. “फुगलेली बॅटरी फिरती. पोट आलेलं आसतंय न्हवं. खराब झालेली आसती ती.” मी छताकडं बगितलं. खात्या-पित्या घरची आठवली.

मग तिनं चार्जरची पिन घालून हलवून बगितली. ढिली आसली की फोन बाद. मग अंगठं. डोळे मिटून ती बटणांवरनं अंगठं फिरवायची, एखादं बटण दबताना कट् म्हणून बोटाला लागलं न्हाय की परत तिथंच यायची. ज्या कामात मी तासभर घाम गाळला होता ते काम तिनं पदर सावरावा तेवढ्या वेळात केलं.

राहिले ते फोन तिनं दुकानदाराला चालू कराय लावले, आन् एकेक करून थरथर मागितली. फोन ती हातात धरत न्हवती. गालफडाच्या हाडाला लावायची, कानाच्या खाली. डोळे मिटून थांबायची आन् मान हलवायची. न्हाय. न्हाय. एक फोन लावला आन् तिचं डोळं उघडलं. तिनं त्यो माझ्या गालाला लावला. उसाच्या रसाच्या गाड्यावर दात टेकवल्यागत माझी बत्तिशी हादरली.

फोन दिसाय भिकारी होता. कोपरा फुटलेला, काचंवर चरा. दुकानदार खाली वाकला आन् म्हणाला, “ताई, त्यो नको. त्येचा आवाज गेलाय. स्पीकर जळलाय, रिंग वाजत न्हाय, बोललेलं ऐकू येत न्हाय. म्हणून तर डब्यात हाय.”

आन् बगा, हे मी बोललो. एवढं सगळं होऊन बी मीच बोललो: “आवाज न्हाय? मग फोन काय कामाचा?”

धाकटीला मी काय म्हणलं ते ऐकू आलं न्हाय, पर माझं तोंड बगून कळलं. तिनं एक हात स्वतःच्या कानावर ठेवला आन् दुसऱ्या हातानं तिकडं गडहिंग्लजकडं, नवऱ्याच्या दिशेनं दाखवलं. कुणी ऐकायचाय ह्येचा आवाज? मग दुकानदार हसाय लागला, आन् हसू थांबल्यावर त्येनं चरा पडलेली काच बदलून दिली. ती मी मागितली न्हवती.

घरी आल्यावर तिनं लगीच ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाचा दंडाला बांधायचा पट्टा शिवला. फोन बसंल एवढा खिसा, वर बटण. मी इचारलं, हे कवा सुचलं? ती म्हणाली, पयल्या दिवसापासनं. मग सांगितलं का न्हाईस? तर म्हणाली, इचारलंस कवा?

दुपारचं जेवण झालं. आयनं आमटी जरा जास्तच वाढलीती तिला, झोप गाढ लागावी म्हणून. मी बगत होतो. धाकटी आतल्या खोलीत पट्टा बांधून कुशीवर झोपली. आय उंबऱ्यावर बसून राहिली. धाकटीचा श्वास लांब झाला तशी आयनं माझा फोन मागितला. मला म्हणाली, “तू लावू नको. तू काय तरी घोटाळा करशील. बटण दाखव, मी दाबते.”

आयनं दाबलं. माझ्या फोनमधी पलीकडची घंटी वाजाय लागली. आत काय हालचाल न्हाय. दुसरी घंटी वाजली. आयचा हात माझ्या हातावर आला, घट्ट. आय जिंकाय लागलीती आन् तिला जिंकायचं हाय का न्हाय ते मला काय कळेना.

मग धाकटी उठून बसली. केस मोकळे, डोळे लाल. तिनं पट्ट्यातला फोन काढला, बगितला, आन् आमा दोघांकडं बगून दोन्ही हातांनी बोलली. झोपू द्या मला. पोटात पोर हाय.

आय उंबऱ्यावरनं उठली. खुंटीवरची पिशवी काढली आन् तिच्यात शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली. मला म्हणाली, “सकाळची एस्टी किती वाजता हाय ते इचारून ये. आन् स्वतः वाचू नको पाटी.”

धाकटी गेली. एस्टी सुटली तवा आयनं पदर डोळ्याला लावला न्हाय, कंडक्टरला दोनदा सांगितलं की पोरीला ऐकू येत न्हाय, गडहिंग्लज आलं की हातानं दाखव. सांजला जेवणाच्या आदी म्हणाली, “पोचली आसंल.”

“पोचली आसंल की.”

“मग कर की फोन. कशाची वाट बगतोस?”

लावला. घंटी वाजली आन् पलीकडनं कट झाली. आयचं तोंड उतरलं. मी परत लावणार, तेवढ्यात माझा फोन टुंग वाजला. काचंवर अक्षरं आलीती. बारकी, मुंगळ्यागत, ओळीनं.

आमी दोघं फोनवर वाकलो. आयला वाचता येत न्हाय, मला येत न्हाय. मी गोगलगाय तेवढी वळखली, बाकी सगळे परके.

“तिचंच हाय न्हवं?” आयनं इचारलं.

“तिचंच.”

“म्हंजे तिला कळलं.”

“कळलं म्हणून तर लिवलं.”

आय परत एकदा काचंकडं बगून, मुंगळ्यांवरनं बोट फिरवून आत गेली. परातीत पीठ घेतल्याचा आवाज आला. बरीच मोठी भाकरी थापली तिनं त्या दिवशी, थापाय लागली की पेठेला कळंल एवढी.

सकाळी शेजारणीकडनं वाचून घेतलं. इंग्रजी अक्षरात मराठी लिवलंतं: “पोचले. घर झाडलं. भाकरी करते. आईला सांगा मी बरी हाय. दादाला सांगा सारखा फोन करू नको, बटणाला पीठ लागतंय.”

मी म्हणलं, बरोबर हाय तिचं, बटणं जपाय पायजेत. त्या दिवशी मी फोन केला न्हाय. दुपारपातूर.